आमची वाटचाल : एका जळक्या लेन्सपासून

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं लेथवर्क होतं. २०११ साली त्यातला एक लेथ विकून, वर बँकेचं कर्ज काढून मी २० वॅटचं फायबर लेसर मार्किंग मशीन घेतलं. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांचं कास्टिंग यायचं, पार्ट नंबर आणि हीट नंबर (माल कुठल्या वितळीतला ते सांगणारा) टाकून परत जायचं. हातानं पंच मारायचं काम गेलं म्हणून वडील काही दिवस फुगून बसले, मग महिन्याचा हिशेब बघून गप्प झाले. पुढची आठ वर्षं अशीच गेली.

ऑगस्ट २०१९ चा महापूर. शिरोलीजवळ हायवेवर पाणी. आमच्या शेडात थेंब आला नाही, पण नेमकी तेव्हाच लेन्स गेली. चूक माझीच. लेन्सखालची संरक्षक काच सारखी धुरकट व्हायची, म्हणून मी ती काढूनच ठेवली होती. कास्टिंगबरोबर काळी बारीक वाळू येते, ती शेडात उडत असते. आधी अक्षरं एका बाजूला फिकी पडायला लागली. पोरगा म्हणाला, "दादा, पॉवर वाढवू का?" मी म्हटलं, वाढव.

दोन दिवसांनी लेन्स उतरवून गुजरीतून आणलेल्या सोनाराच्या भिंगाखाली धरली. मधोमध खसखशीएवढा तपकिरी ठिपका, भोवती कोटिंगचं कडं उडालेलं, आणि त्यातून केसासारखे तीन तडे. नव्या लेन्सचं पार्सल पुण्यात अडकलं, मशीन आठवडाभर बंद.

पुरामुळं भाची आमच्याच घरी अडकली होती. शिवाजी विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. ती म्हणाली, "मामा, धुळीच्या कणानं उष्णता धरली, तिथलं कोटिंग करपलं. करपलेला डाग आणखी प्रकाश पितो. पुढचा प्रत्येक शॉट त्याच जखमेवर. आणि वर तुम्ही पॉवर वाढवलीत!"

मग मी विचारलं, धुळीचं समजलं, पण स्वच्छ काच तर लेसरला आरपार जाऊ देते. ती कधी फुटतच नसेल? तिनं दहीहंडीचं उदाहरण काढलं. शुद्ध सिलिका काचेतला इलेक्ट्रॉन सोडवायला सुमारे ९ इलेक्ट्रॉन व्होल्ट एवढी ऊर्जा लागते. आपल्या १०६४ नॅनोमीटर लेसरच्या एका फोटॉनकडं, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाकडं, असतात १.१७. म्हणजे हंडी आठ थरांवर. एरवी हे आठ जण एका जागी, एका क्षणी जमतच नाहीत, म्हणून काच शाबूत. पल्स, म्हणजे लेसरचा एकेक शॉट, आखूड करून नीट फोकस केली, की गर्दी एवढी होते की आठ थर लागतात. एकदा काही इलेक्ट्रॉन सुटले की तेच प्रकाश खाऊन इतरांना धक्के मारतात, आणि पारदर्शक काच त्या ठिपक्यापुरती धातूसारखी वागायला लागते.

तिथं माझ्या डोक्यात धंदा आला. जे माझ्या लेन्सचं झालं, ते ठरवून, पाहिजे तिथं केलं तर? २०२१ मध्ये हिरव्या लेसरचं मशीन घेतलं. काचेच्या ठोकळ्याच्या पोटात फोकस करायचा. पृष्ठभागावर किरण पसरलेला, म्हणून तिथं काही होत नाही. आत बिंदूवर आला की बारीक तडा. असे हजारो तडे मिळून अंबाबाईची मूर्ती उमटते. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारतं, "आत कसं कोरलं?" कोरलं नाही हो, फोडलं.

खरी कसोटी २०२३ ची, पिकोसेकंद मशीनची. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, पिकोसेकंद त्याचाही हजारावा. नॅनोसेकंद लेसरनं काचेला भोक पाडलं की कडेचे टवके उडायचे. आमच्या जुन्या मशीनची १०० नॅनोसेकंदांची पल्स हवेत मोजली तर ३० मीटर लांब, नव्या मशीनची १० पिकोसेकंदांची फक्त ३ मिलिमीटर. ऊर्जा जुनीच्या एक दशांश असली तरी शिखराची पॉवर हजारपट. उष्णता पसरायच्या आत माल उडून जातो. शिवाय लांब पल्सला तडा कुठं जाईल हे काचेतल्या मळावर, पॉलिशच्या ओरखड्यांवर ठरतं. आखूड पल्सला तो पुष्कळ नेमका पडतो.

पण विकणारे ह्याला "थंड लेसर" म्हणतात, ते अर्धं खरं. शॉट फार भराभर मारले की उष्णता साठते आणि काच तडकतेच. त्यात एका शॉटला न दुखणारी ऊर्जा हजार शॉटनंतर खड्डा पाडते. म्हणून नवी काच आली की आधी तुकड्यावर वाढत्या ऊर्जेच्या ठिपक्यांच्या रांगा मारतो, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक खड्ड्याचा व्यास मोजतो आणि भाचीनं शिकवलेला आलेख वहीत काढतो. ज्या ऊर्जेला व्यासाचा वर्ग शून्यावर येतो, तो त्या काचेचा उंबरठा; त्याखाली खड्डा पडत नाही.

तिनंच सांगितलं, अतिआखूड पल्स वाढवताना शास्त्रज्ञांच्या मशीनमधलीच काच-स्फटिकं खराब व्हायची. १९८५ मध्ये डॉना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी पल्स आधी ताणायची, मग वाढवायची आणि शेवटी आवळायची अशी युक्ती काढली. २०१८ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा त्यावर. ऐकून मला माझ्या लेन्सचं दुःख थोडं कमी झालं.

आता एका घड्याळवाल्याची सफायरची (काचेपेक्षा कठीण पारदर्शक स्फटिकाची) ट्रायल चालू आहे. वरची कड आरशासारखी येते, किरण बाहेर पडतो त्या खालच्या बाजूचा कंगोरा मात्र अजून सुटतो. गेल्या आठवड्यात चौदा तुकडे गेले. परवा तुकडा पाण्यात ठेवून बघणार आहोत.