मनगट

रात्रीचे अडीच वाजलेत, हे मी डाव्या हाताच्या एका बोटानं मोबाईलवर टाईप करायलोय. आज परत जाग आली, अंगठा आणि शेजारची दोन बोटं पार बधीर, हात झटकला तेव्हा कुठं मुंग्या गेल्या. माय उठून बसली, म्हणली, "हात कामून झटकायलास रे, झोपंत काही चावलं का?"

पैठणीच्या पदरावरचा बांगडीमोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातला मोर, काढायलोय सहा महिन्यांपासून, कॉम्प्युटरवर कोरलड्रॉ या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, माउसनं. पेन टॅबलेट घेऊ घेऊ म्हणून राहूनच गेलं. प्रत्येक नोडला, म्हणजे रेष वळवायच्या ठिपक्याला, क्लिक, ओढ, सोड, आणि झूम करून बसलं की खांदा-कोपर जागचं हलत नाही, सगळा भार मनगटावर. दिवसा दुकानात लग्नपत्रिका अन् फ्लेक्स, तेही माउसवरच.

तीन महिने घरात बोललोच नाही. बाबांच्या हाताला खुरप्याचे घट्टे पडलेत, आणि मी पंख्याखाली बसून हात दुखतो म्हणायचं, तोंडच उघडंना. मग एक दिवस चहाचा कप हातातून सुटला अन् बाबांनी बघितलं. काही वेळ गप्प राहिले, मग म्हणले, "बैलाचा खांदा सुजला तर आपण त्याच्यावर जू ठेवतो का?" पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोणी लावून मळणारा माणूस तो, मला लई भरून आलं.

लातूरला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी दोन्ही मनगटं खाली वाकवून पंजे पाठीला पाठ लावून मिनिटभर धरायला लावले, अर्ध्या मिनिटातच मुंग्या. मनगटात एक बोगदा असतो म्हणे, त्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या आणि एक नस जाते, दोऱ्या सुजल्या की नस दबते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही, म्हणून करंगळी आजपर्यंत एकदाही बधीर झाली नाही. एवढं कळल्यावरच निम्मी भीती गेली, मला वाटलं होतं हातच जातो आता.

माउस डावीकडं घेतलाय, कोपराच्या उंचीला, आणि अर्ध्या तासानं उठायचंच. मोराची मान अजून वाकडी येते. झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधायला सांगितलाय, आज उकाड्यानं काढून फेकला होता, म्हणून ही जाग. आता परत बांधायलोय, एका हातानं वेल्क्रो नीट बसत नाही, माय म्हणती आण इकडं.