सतराव्या नंबरवर थांबलेली हजेरी

४ डिसेंबर २०२४, बुधवार. नागपुरातली आमची सकाळची शाळा. परिपाठ आटोपून मुलं वर्गात येईपर्यंत सव्वासात होऊन जातात. डिसेंबरच्या थंडीत नववीची मुलं बाकांवर कुणी आणून ठेवल्यासारखी बसलेली असतात, हात स्वेटरच्या बाह्यांत आणि मान मफलरमध्ये. माझा वर्ग दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या इमारतीत सगळ्यात वर. मी हजेरी घेत होते. सोळा झाला. सतरा म्हटलं, आणि ‘येस मॅडम’च्या ऐवजी मागच्या भिंतीकडून टकटक ऐकू आली.

मागे जगाचा नकाशा टांगलेला आहे, मेणकापडाचा. त्याच्या खालच्या लाकडी दांडीचं एक टोक भिंतीवर आपटत होतं. कुणी तरी पाय हलवतंय असं वाटून मी ओरडणार होते, पण नकाशाच्या जवळ कुणीच नव्हतं आणि खिडक्याही थंडीमुळे लावलेल्या होत्या. सतरा नंबर उभी राहिली होती. ती माझ्याकडे न बघता वर बघत म्हणाली, “मॅडम, पंखा हालून रायला.”

महिनाभर पंखे बंद होते म्हणूनच ते दिसलं. बंद पंखा दांडीसकट झोपाळ्यासारखा हलत होता. फार नाही, चार बोटं. माझ्या पायाखालची जमीन हलली असं मला वाटलंच नाही, नुसतं डोकं हलकं झालं, उपाशीपोटी उभं राहिल्यावर होतं तसं.

मी अठरा वर्षं भूगोल शिकवते आहे. ‘अंतर्गत हालचाली’ हा नववीचा धडा मी झोपेतही घेऊ शकेन. भूकंप आला तर काय करायचं हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की खडू आपोआप चालतो: खाली बसा, डोकं झाका, टेबलाखाली जाऊन त्याचा पाय धरून ठेवा, हादरे थांबेपर्यंत पळू नका. आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द निघाला, “पळा!”

अठ्ठावन्न मुलं आणि एक दार. शेजारच्या दोन वर्गांनी आमचा आवाज ऐकला आणि तेही निघाले. जिना अरुंद, मध्ये वळणाचा. त्या वळणावर सतरा नंबरचा पाय मुरगळला आणि तिच्या अंगावर आणखी तिघं पडले. मी वरून बघत होते, पण माझ्या आणि तिच्यामध्ये तीस-चाळीस पोरं होती. नशीब, घोट्यावर निभावलं. तोवर जमीन केव्हाच शांत झाली होती. त्या सकाळी आमच्या शाळेत जे लागलं ते भूकंपाने लागलं नाही, माझ्या एका शब्दाने लागलं.

मैदानावर शिपाईकाका पाइपने पाणी मारत होते. एवढी पोरं धावत आलेली बघून म्हणाले, “काय झालं मॅडम, आग लागली का?” त्यांना काहीच जाणवलं नव्हतं. तळमजल्यावरच्या पाचवीलाही नाही. ते आमच्याकडे असे बघत होते जसं आम्हीच काहीतरी नाटक बसवलंय.

आठच्या आत फोनवर बातमी आली. तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात ५.३ क्षमतेचा भूकंप, वेळ सकाळी ७ वाजून २७ मिनिटं. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरपर्यंत धक्के. तिच्या मागोमाग दुसरी ‘बातमी’ आली, अकरा वाजता याहून मोठा धक्का बसणार आहे, सर्वांना पाठवा. साडेआठला फाटकावर पालकांच्या गाड्या उभ्या. एक वडील मला म्हणाले, “मॅडम, सरकारनेच सांगितलंय ना अकराचं.” मी त्यांना म्हटलं, भूकंपाची वेळ आधी सांगणारं यंत्र जगात कुणाकडेच नाही. मोठ्या धक्क्यानंतर छोटे येऊ शकतात, पण घड्याळ लावून येत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि मुलाला घेऊन गेले. मला राग आला नाही. तासाभरापूर्वी मीच काय केलं होतं!

चौथ्या तासाला वर्गात चाळीसच मुलं उरली होती. नकाशावाचन घ्यायचं होतं, ते बाजूला ठेवलं. सतरा नंबर घरी गेली नव्हती. पाय बाकावर पसरून, शेजारच्या ज्यूसवाल्याकडचा बर्फ रुमालात धरून बसली होती. तिनेच सुरुवात केली. “मॅडम, टेबलाखाली जायचं म्हणून तुम्हीच त सांगतलं होतं. मग पळा काऊन म्हटलं?”

वर्ग एकदम गप्प. मी म्हटलं, “घाबरले म्हणून.”

यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. मग मी म्हटलं, चला, आता जाऊन बघू टेबलाखाली. आणि काय झालं सांगू? कुणालाच जाता येईना. आमची बाकं म्हणजे डेस्क आणि बैठक एकाच लोखंडी चौकटीत जोडलेली, खाली पाय ठेवायला आडवी पट्टी. एक धिप्पाड मुलगा अर्धा आत गेला आणि अडकला. दोघांनी ओढून काढला तेव्हा वर्ग हसून हसून लोळला. मी अठरा वर्षं जे लिहून देत होते, ते या वर्गात करता येत नाही हे मला एकदाही कळलं नव्हतं, कारण एकदाही करून बघितलं नव्हतं. शेवटी मुलांनीच ठरवलं, खिडक्यांपासून लांब, आतल्या भिंतीला किंवा बाकाला लागून उकिडवं बसायचं, दप्तर डोक्यावर. डब्याचा कप्पा वरच्या बाजूला नको, हे एकाने लगेच शोधून काढलं.

मग खडू हातात घेतला. मुलुगू ते नागपूर सरळ रेषेत साधारण सव्वातीनशे किलोमीटर. पहिल्या, म्हणजे प्राथमिक लहरी सेकंदाला सहा ते आठ किलोमीटर धावतात, दुय्यम लहरी त्याच्या साधारण निम्म्याहून थोड्या जास्त वेगाने. भागाकार मुलांनी केला: पहिल्या लहरी पाऊण मिनिटात आपल्याकडे, दुसऱ्या सव्वा-दीड मिनिटात. म्हणजे मी नऊ-दहा नंबरची हजेरी घेत असेन तेव्हा तिकडे जमीन हलून झाली होती आणि धक्का गडचिरोली, चंद्रपूर ओलांडून आमच्याकडे निघाला होता. ही कल्पना मुलांना भारीच आवडली. लांबून येताना बारीक, जलद थरथर वाटेतच विरते आणि संथ झोका तेवढा उरतो. संथ झोका उंच जागी जास्त जाणवतो, म्हणून पंखा हलला आणि शिपाईकाकांचा पाइप हलला नाही.

पण तिकडेच का? धड्यात जपान आहे, पॅसिफिकभोवतीचं ज्वालामुखी-भूकंपांचं अग्निकंकण आहे. मुलुगू कुठे आहे?

हा प्रश्न मला हवा होता. प्राणहिता-गोदावरीचं खोरं ही जमिनीतली फार जुनी खचलेली पट्टी. भारत, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया एकत्र होते, गोंडवन नावाचा एकच जोडखंड होता, तेव्हापासूनची. जमीन खचत गेली, नद्या गाळ आणून भरत गेल्या, जंगलं गाडली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. चंद्रपूरचा, उमरेडचा, कामठीचा कोळसा त्याच कुळातला. त्याच खोऱ्यात, सिरोंच्याच्या पलीकडे, एका प्रचंड शाकाहारी डायनोसॉरची हाडं सापडली. खोदकाम रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी झालं आणि पायाचं हाड इतकं मोठं निघालं, म्हणून त्याचं नाव बारापासॉरस टागोराय, बंगालीतला ‘बडा पा’. यावर वर्ग पुन्हा हसला. खोऱ्याच्या कडांच्या जुन्या भेगा अजून मधूनच सरकतात. १९६९ च्या एप्रिलमध्ये भद्राचलमला ५.७ चा भूकंप झाला तोही याच पट्ट्यात. मी वर बोट दाखवून म्हटलं, हा पंखा एरवी कोराडी-खापरखेड्याला कोळसा जाळून फिरतो. आज तो कोळशाच्याच घरातून कुणी तरी हलवला.

“आणि मॅडम, गोंडवन म्हणजे आपले गोंड राजे का?” एकाने विचारलं. होय, आपलेच. खडकांना नाव या मुलखावरून पडलं आणि मग त्या सगळ्या जोडखंडाचंच झालं. अंटार्क्टिकाच्या पुस्तकातही आपल्या गोंडांचं नाव आहे, हे ऐकून तो जो बसला, तासभर ताठच बसला.

कपाटात माझं बुटांचं खोकं आहे. सेमिनरी हिल्सचा काळा बसाल्ट, कामठीकडचा तांबूस वालुकाश्म आणि टाकळीच्या बाजूचा, एका निवृत्त सरांनी दिलेला चकमकीसारखा दगड. त्यात नखाएवढ्या गोगलगाई. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थांबला, थंड झालेल्या थरावर तळं साचलं, तळ्यात या गोगलगाई राहिल्या, मग पुढचा लाव्हा आला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी टाकळीचे हे जीवाश्म गोळा करून लंडनच्या भूवैज्ञानिकांपुढे ठेवले. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात सगळ्यांना माहीत आहे, ते हेच हिस्लॉप.

दगड हातोहात फिरत असताना मागून प्रश्न आला, जो येणारच होता. “पण मॅडम, नागपूर सेफ आहे ना?”

दरवर्षी याचं उत्तर मी ठोकून द्यायचे, सेफ आहे, भूकंपाच्या धोक्याच्या नकाशावर झोन दोन. त्या दिवशी ते जिभेवर येईना. कारण मला किल्लारी माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३, आदल्या दिवशी गणपती विसर्जन, पहाटे चारच्या आत ६.२ चा भूकंप, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि जड माळवदं अंगावर येऊन सुमारे दहा हजार माणसं गेली. आणि तो भाग त्या वेळच्या नकाशावर झोन एकमध्ये होता, सर्वांत कमी धोक्याचा. पुढे २००२ मध्ये झोन एक हा प्रकारच नकाशावरून काढून टाकला. मी एवढंच सांगितलं. गोगलगाईंचा दगड त्या वेळी ज्याच्या हातात होता तो मुलगा म्हणाला, “यांना पण वाटत असन, आता सेफ आहे.”

मग शेवटच्या बाकावरचा, वर्षभरात चार वाक्यं बोललेला मुलगा उभा राहिला. न विचारता. २२ सप्टेंबर २०२३, त्यांच्याकडे महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस. घर नागनदीच्या काठच्या वस्तीत. रात्री पाऊस कोसळला (काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त झाला, अंबाझरी तलाव ओसंडला), पहाटेआधी पाणी दारातून नाही, मोरीतून वर आलं. वडिलांनी मीटरची वीज बंद केली, त्याने धाकट्या बहिणीला माळ्यावर चढवलं. आईने मातीचा गणपती उचलून फ्रिजवर ठेवला, थोड्या वेळाने फ्रिजच तरंगायला लागला. “महालक्ष्म्या उभ्याच होत्या. साड्या पाण्यात फुगल्या होत्या. आई त्यांच्याकडे पाहून हात जोडून रायली होती आणि बाबा ओरडून रायले होते, आधी सिलिंडर धर.” मग तो मला म्हणाला, “मॅडम, त्याचा धडा कोणता?”

पूर पुस्तकात आहे. पण पाणी मोरीतून येतं हे पुस्तकात नाही. आमच्याच जिल्ह्यातलं मोवाडही नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात त्या गावातली दोनशेहून अधिक माणसं गेली. मी काटोलकडची, तेव्हा लहान होते. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी आठवडाभर पाण्याच्या भांड्याकडे पाठ करून जेवलेलं मला आठवतं. हे मी कधी वर्गात सांगितलं नव्हतं. जपान सांगत होते.

हिस्लॉपचं पुढे काय झालं, हेही त्याच दिवशी सांगितलं. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यामधले जीवाश्म गोळा करणारा तो माणूस १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची प्राचीन शिलावर्तुळं बघून रात्री घोड्यावरून परतत होता आणि पूर आलेल्या नाल्यात बुडून गेला. शेवटच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, “नाल्यात घोडा घालायचा नसते.” त्याच्याशी वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

घंटा झाली. अकरा केव्हाच वाजून गेले होते.

पुढच्या आठवड्यात मुख्याध्यापकांना गाठून जिन्याची रंगीत तालीम मागून घेतली. पहिल्यांदा वळणावर पुन्हा तुंबलं. दुसऱ्यांदा एका वेळी एकच वर्ग सोडला, उजवीकडून, दप्तरं वर्गातच ठेवून. तेव्हा कुठे जमलं. नागनदीकाठच्या मुलाने घरून मोजपट्टी आणली आणि शाळेच्या भिंतीवर त्या रात्री त्यांच्या घरी पाणी होतं तिथे खडूने रेघ मारली. पाचवीच्या मुलांच्या ती छातीच्या वर येते.

सतरा नंबर घोट्याला क्रेप बँडेज बांधून आली होती. तालमीत धावायला नको म्हणून मी तिला एक काम दिलं, मागच्या नकाशाकडे लक्ष ठेवायचं. त्याची दांडी मी मुद्दाम तशीच सैल ठेवली आहे. ती म्हणाली, “टकटक झाली की मी सांगतो मॅडम. तुम्ही फक्त काही बोलू नका.”