ड्रायव्हरचं रिमूव्ह पण नीट वाचा राव

लिनक्स ड्रायव्हरमधला प्रोबचा (डिव्हाइस जोडलं की चालतो तो) कोड सगळे डोळ्यात तेल घालून बघतात, रिमूव्हकडे (डिव्हाइस काढताना चालतं ते) मात्र कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि सगळ्यात चिवट बग तिथेच सापडतात असं माझं ठाम मत आहे. नियम तसा सोपाय, प्रोबमधे मेमरी वगैरे ज्या क्रमाने घेतली त्याच्या बरोब्बर उलट सोडायची.

२००७ मधे २.६.२१ कर्नलमधे डेव्हएम (devm, घेतलेलं आपोआप सोडायची सोय) आलं आणि बरंच ओझं कमी झालं, कारण डेव्हएमने घेतलेली मेमरी, इंटरप्ट (डिव्हाइस प्रोसेसरला मारतं ती हाक) वगैरे कर्नल स्वतःच उलट्या क्रमाने सोडतं. पण ते सोडतं रिमूव्ह पूर्ण संपल्यावर, आणि खरा घोळ होतो तो अर्धं डेव्हएम, अर्धं हाताने असं केलं की.

म्हणजे बघा, इंटरप्ट डेव्हएमने घेतलाय, बफर साध्या केमॅलॉकने (म्हणजे मेमरी हाताने सोडावी लागणार), आणि हँडलर (इंटरप्ट आला की चालणारं फंक्शन) आत वर्क, म्हणजे नंतर करायचं काम, शेड्यूल करतो. रिमूव्हमधे आपण कॅन्सल_वर्क_सिंक करून ते काम रद्द केलं, मग केफ्रीने बफर सोडला, दिसायला एकदम व्यवस्थित. पण इंटरप्ट अजून चालूच आहे ना! त्या मधल्या क्षणी डिव्हाइसने इंटरप्ट दिला तर हँडलर परत वर्क शेड्यूल करणार आणि ते वर्क फ्री झालेल्या बफरवर लिहिणार. क्रॅश तिथे होईलच असं नाही, कधीकधी भलत्याच ठिकाणी होतो आणि माणूस दिवसभर दुसराच कोड उकरत बसतो. डिव्हाइसचं क्लॉक (त्याला चालवणारा ठोका) हाताने बंद केलं असेल तर अजून वाईट, हँडलर रजिस्टर वाचायला जातो आणि काही एआरएम चिपांवर अख्खी बसच लटकते.

यावर नल चेक (पॉइंटर रिकामा आहे का बघणं) टाकणं किंवा थोडा डिले देणं हा उपाय नाही, कृपया तसले पॅच पाठवू नका. आधी डिव्हाइसमधला इंटरप्ट मास्क (बंद) करा, मग फ्री_आयआरक्यू (डेव्हएमने घेतला असेल तर डेव्हएम_फ्री_आयआरक्यू; ते चालू हँडलर संपेपर्यंत थांबतं), मग वर्क कॅन्सल, मग क्लॉक आणि बफर. नाहीतर सगळंच डेव्हएमवर न्या, जिथे तयार फंक्शन नाही तिथे सोडायचं आपलं फंक्शन नोंदवायला डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट आहेच. मला हेच आवडतं, कारण प्रोब अर्ध्यात फेल झालं तरी तोच क्रम पाळला जातो, गोटूची लेबलं (चूक झाली की उडी मारून सोडायला जायच्या जागा) जुळवत बसावं लागत नाही.

टेस्ट करताना केएसॅन (KASAN, मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलचं टूल) चालू ठेवा आणि सिसएफएसमधून (/sys मधल्या फाइलींतून) अनबाइंड-बाइंड, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवणं-जोडणं, लूपमधे फिरवा, तेही डिव्हाइसवर ट्रॅफिक चालू असताना. शेअर्ड इंटरप्ट (एकाच लाइनवर अनेक डिव्हाइसं) असेल तर कर्नल कॉन्फिगमधला डीबग_एसएचआयआरक्यू पण लावा, ते फ्री करताना हँडलर मुद्दाम एकदा जास्तीचा बोलावतं आणि क्रम चुकला असेल तर तिथल्या तिथे पकडून देतं.