एक एकर दहा गुंठे म्हणजे 1.10 नव्हे

शेतकरी कुटुंबांच्या सर्वेक्षणासाठी मी ओडीके (ओपन डेटा किट) हे माहिती गोळा करण्याचे साधन वापरते. वॉशिंग्टन विद्यापीठात 2008 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे मोबाइल ॲप रेंज नसलेल्या वस्तीवरही फॉर्म भरू देते आणि नेटवर्क मिळाल्यावर भरलेली माहिती सर्व्हरकडे पाठवते. फॉर्म तयार करायला प्रोग्रामिंग यावे लागत नाही. एक्सेलच्या एका शीटवर प्रश्न आणि दुसऱ्या शीटवर उत्तरांचे पर्याय लिहिले की काम होते.

इतकी सोय असूनही आमच्या पहिल्या मोठ्या सर्वेक्षणात जमिनीचे आकडे चुकले, आणि ती चूक मी केलेल्या फॉर्मची होती. ‘एकूण जमीन, एकरात’ असा एकच प्रश्न ठेवून मी दशांश अंकांना मुभा दिली होती. शेतकरी ‘एक एकर दहा गुंठे’ सांगत आणि प्रगणक 1.10 असे भरत. एकराचे गुंठे 40, म्हणजे बरोबर आकडा 1.25 हवा होता. प्रगणकांना दोष देता येत नाही, कारण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते, शंभर आरांचा एक हेक्टर होतो, आणि तिथे एक हेक्टर दहा आर हे 1.10 असेच लिहिणे योग्य असते. खरी अडचण पुढे आली: 1.5 ही नोंद दीड एकराची की एक एकर पाच गुंठ्यांची, हे माहिती हातात आल्यावर कोणालाही सांगता येईना. संशयास्पद घरांना पुन्हा फोन करावे लागले.

आता मी एकर आणि गुंठे असे दोन वेगळे पूर्णांकी प्रश्न ठेवते, गुंठे 39 च्या पुढे गेल्यास ॲप मराठीत सूचना देऊन अडवते, आणि गुंठ्यांना 40 ने भागून एकरात मिळवण्याचे गणित फॉर्मच करतो. दोन्ही प्रश्न सक्तीचे आहेत, मात्र त्यांच्याआधी ‘क्षेत्र माहीत आहे का’ हा प्रश्न येतो आणि ‘नाही’ म्हटल्यास ते दिसतच नाहीत. अशी वाट न ठेवता सक्ती केली, तर पुढे सरकण्यासाठी अंदाजाने आकडा भरला जातो आणि तो खऱ्या आकड्यासारखाच दिसतो.

फॉर्म गावात नेण्यापूर्वी प्रगणकांसमोर मी लोक देतात तशी उत्तरे मोठ्याने म्हणते: ‘पावणेदोन एकर’, ‘पड धरून तीन’, ‘भावाभावांत मिळून पाच’. या शेवटच्या उत्तरापाशी सगळे थांबले, आणि सामाईक जमिनीचा प्रश्न त्याच दिवशी फॉर्ममध्ये आला.