तो उतरतो, म्हणून

बुधवार, रात्री

ताईची यादी आली.

हे खूळ धाकट्याचं. घरातल्या प्रत्येकाने आवडती पाच पुस्तकं लिहायची आणि नावडतं एक. नावडत्यापुढे कारण द्यायचं, तेही एका ओळीत. आवडत्यांना कारण नको, कारण ते म्हणे आपल्याला ठाऊकच असतं. कुठे असतं? पण असो. मला वाटलं होतं, कोणी फारसं मनावर घेणार नाही आणि विषय आपोआप मिटेल. तर सगळ्यांनी हौसेने लिहिलं. वहिनीने तर पाचाची आठ केली.

ताईच्या यादीत सगळ्यात वर 'ययाति'. ते अपेक्षितच होतं. आणि सगळ्यात खाली: नावडतं – 'रणांगण'. कारण – "तो उतरतो, म्हणून."

आता 'रणांगण' माझं आहे. म्हणजे विश्राम बेडेकरांचं आहे, १९३९ सालचं आहे, पण आमच्या घरात ते माझं आहे. कोणी विचारलं की मी तेच नाव सांगते, कोणाला काही द्यायचं असेल तर तेच देते. ताईलाही मीच दिलं होतं. तेव्हा ती "वाचलं" म्हणाली होती आणि पुस्तक परत केलं होतं. त्या "वाचलं"चा अर्थ मी माझ्या सोयीने लावला आणि तो इतकी वर्षं जपून ठेवला.

सगळ्या जगात नावडायला तिला हेच सापडावं?

मामांचं बरं. त्यांनी खालची जागा रिकामी सोडली. म्हणाले, जे आवडत नाही ते मी संपवत नाही, आणि जे संपवलं नाही त्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. किती सभ्य माणूस. डॅनिएल पेनाक या फ्रेंच लेखकाने १९९२ साली वाचकाचे दहा हक्क सांगितले होते. न वाचण्याचा, पानं गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा, पुन्हा वाचण्याचा, असे करत करत शेवटचा, दहावा हक्क आहे गप्प राहण्याचा. वाचून झाल्यावर त्याविषयी काहीही न बोलण्याचा. हा दहावा हक्क ताईने वापरला असता तर काय बिघडलं असतं?

पण वापरला होता की तिने. वर्षानुवर्षं वापरला. धाकट्याने विचारलं नसतं तर पुढेही वापरला असता.

झोप येत नाहीये.

गुरुवार

वाईट कशाचं वाटलं ते नीट लिहून बघते.

पुस्तक कोणाला आवडत नाही याचं मला सहसा काही वाटत नाही. आमच्याच याद्यांमध्ये 'कोसला' दोन जणांच्या आवडत्यांत आहे आणि दोन जणांच्या नावडत्यांत. १९६३ पासून हे असंच चालू असणार. पांडुरंग सांगवीकर एकाला स्वतःचा सख्खा वाटतो आणि दुसऱ्याला वाटतं, हा पोरगा बापाच्या पैशावर बसून नुसता वैतागतोय. दोघंही खरं बोलत असतात. 'श्यामची आई'चंही तेच. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, तेव्हापासून लोक रडतायत. आणि ज्यांना ते आवडत नाही त्यांचं कारणही हेच असतं, की ते रडवतं. वहिनी म्हणाली, मला कोणी हात धरून रडायला बसवलेलं चालत नाही. हे ऐकून कोणी दुखावलं नाही. सगळे हसले.

महाभारतावरून तर आमच्याकडे जुनीच फूट आहे. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त' दोन्ही १९६७ सालची. महाभारत तेच, पण एकात कर्ण सूर्यासारखा तळपतो आणि दुसऱ्यात कोणालाच तळपायची परवानगी नाही, सगळे तपासणीच्या टेबलावर. ज्याला एक मनापासून आवडतं त्याला दुसरं बहुधा झेपत नाही. दादा आणि मी यावरून पोटभर भांडलो आहोत आणि भांडून झाल्यावर एकाच ताटात जेवलो आहोत.

मग 'रणांगण'चंच का लागावं?

मला वाटतं, आवडत्या पुस्तकाच्या नावाखाली आपण बरंच काही सरकवून देतो. 'रणांगण' म्हणताना मी लोकांना सांगत असते की बघा, मला थोडक्यात बोलणारं आवडतं, मला अश्रूंची बादली लागत नाही, मी अशी आहे. माणसं पाहुण्यांसमोर चांगली चादर घालतात तसं. म्हणजे ताईने जेव्हा "नावडतं" लिहिलं तेव्हा तिने बेडेकरांना नाही म्हटलं की मला, हे माझं मलाच कळेना. बेडेकरांना काही फरक पडत नाही. मला पडतो.

आणि ती एक ओळ! तिने "कंटाळवाणं" लिहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं. "जुनं वाटलं", "भाषा जमली नाही", काहीही चाललं असतं. "तो उतरतो, म्हणून." ज्याने पुस्तक शेवटपर्यंत, शब्द न शब्द वाचलंय, त्यालाच हे लिहिता येतं.

बोट युरोपातून पूर्वेकडे निघालेली. तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेले ज्यू, ज्यांना कुठेच आपलं म्हणून उतरता येणार नाही. आणि चक्रधर, ज्याला घरी परतायचंय. आणि हॅर्टा. बोटीवरचे मोजके दिवस, ज्यांत जे व्हायचं ते होतं. मग मुंबई येते. तो उतरतो. ती पुढे जाते. सगळी कादंबरी त्या एका उतरण्याकडे चाललेली असते.

मला ती आवडते ती त्याच्यासाठीच! तो उतरतो, म्हणूनच. लेखकाने त्याला थांबवलं नाही, शेवटच्या क्षणी त्याचा शूरवीर केला नाही, आपल्याला बरं वाटावं म्हणून काहीही केलं नाही, म्हणून. तिचं आणि माझं कारण एकच आहे. अगदी तेच शब्द. फक्त तिने ते खालच्या जागेत लिहिले.

भाऊजींबद्दल इथे काही लिहिणार नाही.

गुरुवार, उशिरा

टॉलस्टॉयला शेक्सपिअर आवडत नसे. नुसता आवडत नसे असं नाही, तर त्याने १९०६ साली त्यावर एक मोठा निबंध छापला. त्यात तो सांगतो की मी आयुष्यभर शेक्सपिअर पुन्हापुन्हा वाचला, रशियनमध्ये, इंग्रजीत, जर्मनमध्ये. पंचाहत्तराव्या वर्षी परत एकदा सगळा वाचून काढला, आणि प्रत्येक वेळी तोच तिटकारा आणि तोच कंटाळा. मला ही गोष्ट नेहमी गमतीची वाटायची. तीन भाषा! एवढं तर शेक्सपिअर आवडणारे लोकही करत नाहीत. मी 'रणांगण' शेवटचं कधी उघडलं ते मला आठवतही नाही. आवडतं म्हटलं की ते कपाटात सुखाने राहतं.

निबंधात टॉलस्टॉयने सगळ्यात जास्त धुतलं ते 'किंग लिअर'ला. त्यावर जॉर्ज ऑर्वेलने १९४७ मध्ये एक लेख लिहिला. त्याचं म्हणणं साधारण असं की बाकी नाटकं सोडून टॉलस्टॉयला लिअरच एवढा का खुपला? कारण लिअर म्हणजे तोच. राज्य देऊन टाकणारा आणि देऊन टाकल्यावरही सुखी न होणारा म्हातारा. टॉलस्टॉयनेही इस्टेट, हक्क, सगळं सोडायचं ठरवलं होतं. निबंध आला तेव्हा पुढचं घडायचं होतं. १९१० साली तो घर सोडून निघाला आणि अस्तापोवो नावाच्या रेल्वे स्टेशनवर आजारी पडून तिथेच गेला. मुलगी जवळ होती. हेसुद्धा लिअरसारखंच.

हे मला आज संध्याकाळी भांडी लावताना आठवलं आणि हातातली बशी तशीच राहिली.

म्हणजे नावडतं पुस्तक कधीकधी आपल्याला फार जवळून ओळखत असतं. ताईने ती पानं कुठे बसून वाचली असतील, कोणत्या महिन्यात वाचली असतील, हे मी कधी विचारलंच नाही. मी पुस्तक दिलं ते चांगलं पुस्तक म्हणून. आणि तिला त्यात काय भेटलं, तर...

जाऊ दे.

आता स्वतःची कीव करायचं काम थोडं कमी झालंय, पण त्या जागी दुसराच किडा वळवळायला लागलाय. ऑर्वेलचा नियम नावडत्यालाच का लावायचा? आवडत्यालाही लागू होत असेल की. ताईला उतरणारा माणूस सहन होत नाही. मग मला तो का सहन होतो? इतका, की लोकांना वाटत फिरते? थोडक्यात बोलणं, बादलीभर अश्रू नकोत, हे सगळं ठीक आहे. पण ज्याला उतरता येतं त्याच्याबद्दल मला वाटणारी ती समजूत, ती कुठून आली?

हे ताईने विचारलेलं नाही. ती विचारणार नाही. तिला बहुतेक उत्तर माहीत आहे.

शनिवार

'रणांगण' उघडलं शेवटी.

घाबरतच. डोरिस लेसिंगने 'द गोल्डन नोटबुक'च्या १९७१ च्या प्रस्तावनेत लिहिलंय की विशी-तिशीत कंटाळा आणणारं पुस्तक चाळिशी-पन्नाशीत आपल्यासाठी दारं उघडू शकतं, आणि याच्या उलटही होतं. सगळे जण पहिला अर्धा भाग सांगतात, कारण तो दिलासा देणारा आहे. मला नेहमी त्या "उलट"ची भीती वाटते. लाडक्या पुस्तकाचं दार आतून बंद झालेलं सापडलं तर?

बंद नव्हतं. पण मी दुसऱ्याच दाराने आत गेले. पूर्वी मी चक्रधराबरोबर डेकवर उभी असायचे. या वेळी सारखं वाटत राहिलं की ताई कुठेतरी मागे बसून हे वाचतेय, आणि तो काही शहाणपणाचं बोलला की मान वर करून माझ्याकडे बघतेय. बोलण्यात हुशार आहे हो हा माणूस. हे मला आधी गुण वाटत होते.

तरी पुस्तक आवडलंच. जास्तच आवडलं. फक्त तो कमी आवडला. ही दोन वेगळी खाती असतात हे मला तत्त्व म्हणून माहीत होतं. आणि ताईचंही एकच खातं आहे असं समजायचं कारण नाही. कदाचित तिलाही पुस्तक...

नाही. तिने स्पष्ट लिहिलंय. नावडतं म्हणजे नावडतं. सगळ्यातून गोड अर्थ काढायची माझी खोड आहे.

मात्र एक गोष्ट आता नक्की वाटते. मी ज्यांना ज्यांना 'रणांगण' दिलं त्यांतल्या बहुतेकांनी "छान आहे" म्हटलं आणि मला त्यांच्यातल्या एकाचंही वाचन आठवत नाही. ताईचं आता मरेपर्यंत आठवेल.

रविवार

धाकट्याने आठवण केली, मावशी, तुझी खालची जागा अजून रिकामी आहे.

मी आधी एक सोयीचं उत्तर ठरवलं होतं: ती सगळी 'सकाळी लवकर उठा आणि यशस्वी व्हा' छापाची पुस्तकं. त्यांना नावं ठेवली की कोणीच दुखावत नाही. पण ती मला नावडतात असं म्हणण्याइतकी मी ती वाचलेलीच नाहीत. मामांचा नियम. नावडायलाही थोडं झिजावं लागतं.

म्हणून खरं लिहिलं. नावडतं – 'ययाति'. मी ते तीनदा तरी वाचलंय, कारण ताईचं आहे. खांडेकरांचं १९५९ सालचं पुस्तक, पुढे १९७४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, त्यांची थोरवी मी नाकारत नाही. पण तो राजा! ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आळीपाळीने आपापली बाजू सांगतात आणि तरी शेवटी लक्षात राहतो तो याचाच हंबरडा. मुलाचं तारुण्य मागून घेतो आणि वर आपल्या मनाची घालमेल आपल्यालाच समजावून सांगतो. कारण एका ओळीत बसवायचं होतं. मी लिहिलं: "तो सारखा समजावत राहतो, म्हणून."

पाठवून दिलं. पाठवल्यावर पोटात खड्डा पडला. मग वाटलं, पडू दे. तिचाही पडला असेल की बुधवारी.

अर्ध्या तासात फोन.

"ययाति?"

"हो."

"अगं, पण ययातिसाठी कोण वाचतं ते?" ताई म्हणाली. "मी त्याची पानं नेहमीच गाळते. मी शर्मिष्ठा वाचते फक्त."

"अख्ख्या पुस्तकातली फक्त शर्मिष्ठा?"

"मग? तुझ्या बोटीत मला तेवढीही सोय नव्हती. सगळीकडे तोच बोलत होता."

मी म्हटलं, हॅर्टा बोलते की. ती म्हणाली, कुठे बोलते, तो सांगतो ती काय बोलली ते. मी म्हटलं, पत्रं आहेत. ती थांबली. मग म्हणाली, "पत्रं आहेत, हे खरं." मग आम्ही कचावर गेलो. ताईच्या मते खांडेकरांनी त्याला फारच सोज्वळ केलाय आणि देवयानीवर तिथेच अन्याय झाला. माझं म्हणणं होतं की देवयानीवर अन्याय मुद्दामच केलाय, नाहीतर शर्मिष्ठा उजळणार कशी. ती म्हणाली, हे चूक आहे आणि मी सिद्ध करून दाखवते, थांब, पुस्तक आणते. पुस्तक वरच्या फळीवर होतं, तिला स्टूल लागलं, तिने फोन टेबलावर ठेवला, आणि मी तो कानाला तसाच धरून माझी प्रत शोधायला उठले.