कार्ड कुणाचं, हे विचारायला मी शिकले

येवल्यात आमचं पैठणीचं छोटं दुकान आहे. घरचे दोन माग, बाकीचा माल ओळखीच्या विणकरांकडून. परदेशातल्या मराठी बायका व्हॉट्सॲपवर साडी पसंत करतात, आम्ही पाठवलेल्या लिंकवर कार्डाने पैसे भरतात आणि आम्ही कुरिअर करतो.

दिवाळीच्या तोंडावर अशीच एक ऑर्डर आली. मुनिया काठ, पदरावर मोर, ५२ हजारांची. कार्ड अमेरिकेतलं, पत्ता मात्र ठाण्याचा. "बहिणीकडे पाठवा, लग्न आहे," एवढंच. घासाघीस नाही, रंगाची चौकशी नाही. तेव्हाच खटकायला हवं होतं. पैठणी घेणारी बाई दहा फोटो मागवते, पदर उलटा करून दाखवायला लावते. पण सणाची घाई होती, पैसे जमा झाले होते.

अडीच महिन्यांनी पेमेंट कंपनीचा मेल आला. कार्डधारक म्हणतो, हा व्यवहार मी केलाच नाही. रक्कम आमच्या पुढच्या जमेतून कापून घेतली. विणकरदादांची मजुरी तर दिवाळीतच दिलेली. पुराव्यांसाठी सात दिवस मिळाले. बिल, कुरिअरची पावती, सगळे मेसेज पाठवले. आमचं म्हणणं फेटाळलं गेलं. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पैसे काही आले नाहीत.

विचारत विचारत कारण समजलं. आपल्या बँकांच्या कार्डावर ऑनलाइन पैसे भरताना सहसा ओटीपी लागतो. परदेशी कार्डावर तो बऱ्याचदा लागत नाही. मग कार्डाचा मालक नाही म्हणाला की भुर्दंड दुकानदारावर. आणि त्याला हरकत घ्यायला साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते. कुरिअरची पावती साडी कुणाला तरी पोचली एवढंच सांगते. कार्ड कुणाचं होतं, ते ती सांगत नाही. सुरुवातीला मला त्या कार्डधारकाचा राग आला होता. पण त्या माणसाच्या खिशातूनही कुणीतरी न विचारता ५२ हजार काढलेच होते की.

आता मोठ्या ऑर्डरला मी व्हिडिओ कॉल करते. पासपोर्टवरचं नाव दाखवा म्हणते, नंबरावर बोट ठेवलं तरी चालतं. ते नाव आणि कार्डावरचं नाव जुळलं पाहिजे. साडी शक्यतो कार्डाला जोडलेल्या पत्त्यावरच जाते. कार्डाचा फोटो मी कधीच मागत नाही, मागचे तीन आकडे तर मुळीच नाही. ओळखपत्राची प्रतही ठेवत नाही. 'ओळखपत्र पाहिलं' एवढं तारखेसह बिलाच्या स्थळप्रतीवर लिहिते. दुसऱ्याची कागदपत्रं सांभाळणं ही फार मोठी जबाबदारी आहे, आणि आमच्या कपाटाला साधं कुलूप आहे.

विचारणं जड जातं, हे खरं. न्यू जर्सीच्या एक काकू संतापल्या होत्या, "चोर समजतेस का गं मला?" मी ठाण्याच्या त्या साडीची हकिकत सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "थांब, चष्मा घेऊन येते." पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरला, नाव स्वतः वाचून दाखवलं.

आणि लगेच म्हणाल्या, "आता तो पदर उलटा करून दाखव बरं." पुढचा अर्धा तास आम्ही रंगावरच बोलत होतो.