आमची वाटचाल : ओट्यावरची दोन बाकं

आमच्या बालवाडीच्या ओट्यावर दोन लांब लाकडी बाकं आहेत. जूनमध्ये त्यांवर आज्या, आया, क्वचित एखादे आजोबा बसलेले असतात. कुणी लसूण सोलतं, कुणी पेपर वाचतं. आत मुलं खेळत असतात आणि मधूनच एखादं बाहेर डोकावून आपलं माणूस जागेवर आहे ना, एवढं बघून परत आत जातं. बालवाडी काढायचं ठरलं तेव्हा सुताराकडून मी सगळ्यांत आधी ही बाकं करून घेतली. खेळणी नंतर आली.

त्याचं कारण एक मुलगी आहे. 2003 ते 2006 मी मुंबईत एका नर्सरीत शिकवत होते. पालकांनी फाटकाशी मूल सोपवायचं आणि मागे न बघता निघायचं, असा तिथला नियम. “दोन दिवस रडतात, मग गप्प होतात,” असं आम्हाला सांगितलं जाई, आणि तसं व्हायचंही. ती मुलगी तिसऱ्या दिवशी गप्प झाली. सगळ्यांना वाटलं, रुळली. पण ती डबा उघडायची नाही, शू लागली तरी सांगायची नाही, दप्तराचा पट्टा घट्ट धरून बसून राहायची. डिसेंबरात एकदा तिची आजी लवकर न्यायला आली आणि वर्गात दाराशीच बसली. तेव्हा ही मुलगी घडाघडा बोलायला लागली. वर्गात कोण कुठे बसतं, कुणाच्या डब्यात काय असतं, कुठलं गाणं कुठल्या दिवशी होतं, सगळं तिला ठाऊक होतं. सहा महिने मी तिची बाई होते आणि तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. तो दिवस मी विसरले नाही. विसरावा असंही वाटत नाही.

2007च्या जूनमध्ये चिपळूणला, सासूबाईंनी मोकळ्या करून दिलेल्या पडवीत, सात मुलांवर आम्ही सुरुवात केली. आमची ट्रस्ट नाही, अनुदान नाही. फीवर चालणारा हा छोटा व्यवसाय आहे, आणि हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं; कारण पुढचा प्रत्येक निर्णय पैशाशी बांधलेला होता.

मनात मात्र कोसबाडची टेकडी होती. बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करताना आम्हाला डहाणू तालुक्यात कोसबाडला नेलं होतं. ताराबाई मोडकांनी भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं, 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला, हे आम्ही परीक्षेसाठी पाठ केलेलं. पण 1945 साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केल्यावर ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघांनी जे केलं, ते तिथे गेल्यावर कळलं. पुढे 1957 साली ते काम कोसबाडला आलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. गुरं राखायला जाणाऱ्या मुलांसाठी त्या कुरणात गेल्या, त्याला कुरणशाळा म्हणत. मूल जिथे निर्धास्त असतं तिथे मोठ्यांनी जायचं, अशी ती दिशा. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात रोज प्रत्येकाच्या अंगणात जाणं शक्य नव्हतं, पण घरचं माणूस आमच्या ओट्यावर आणता येत होतं.

म्हणून पहिले पंधरा दिवस घरचं कुणीतरी बाकावर बसणार, ही आमची एकमेव सक्तीची अट. पहिले दोन-तीन दिवस ते माणूस आतच बसतं. मग दाराशी, मग बाकावर, मग “मी बाजारात जाऊन येते” असं मुलाला सांगून अर्धा तास. न सांगता सटकायचं नाही. नोकरी करणाऱ्या पालकांना हे जड जातं, दरवर्षी चार-दोन जण या अटीवरून प्रवेश न घेता जातात, आणि त्यांची अडचण मला पटते. तरीही ही अट आम्ही सोडलेली नाही.

दुसरा निर्णय संख्येचा. एका ताईकडे बारा मुलं, त्याहून एक जास्त नाही, आणि छोट्या गटातून मोठ्या गटात जाताना मुलांबरोबर ताईही पुढे जाते. दोन वर्षं तीच ताई. हिशोब सरळ आहे. पंचवीस मुलं घेतली असती तर त्याच पगारात उत्पन्न दुपटीच्या वर गेलं असतं. पण बारा मुलं असतात तेव्हा ताईला ठाऊक असतं की कुणाच्या घरी बाळ आलंय, कुणाचे बाबा बोटीवर नोकरीला गेलेत, कुणाला पाठीवर हात ठेवलेला चालतो आणि कुणाला नाही. ज्या मुलाला आपली ताई पक्की मिळते ते मातीत हात घालतं, उंचावर चढतं, चुकीचं उत्तर बिनधास्त देतं. मी हे अठरा वर्षं रोज बघते आहे.

आता मावशींबद्दल. पहिल्या वर्षापासून मुलांचे हात धुणं, शू-शी, कपडे बदलणं हे सगळं मावशी करत आल्या. मी त्याला मदतीचं काम समजत होते. 2010 साली पुण्यातल्या एका प्रशिक्षणात एमी पिक्लर या हंगेरियन डॉक्टरबाईंच्या कामाची ओळख झाली. महायुद्धानंतर 1946 साली बुडापेस्टमध्ये त्यांनी तान्ह्या मुलांसाठी बालगृह चालवायला घेतलं. त्यांचं म्हणणं असं की अंघोळ, दुपटं बदलणं, भरवणं या वेळा उरकायच्या नसतात. बाळ आणि मोठं माणूस एकमेकांना ओळखतात ते तेव्हाच. हात लावण्याआधी सांगायचं, थांबायचं, बाळ स्वतः पाय पुढे करतं का ते बघायचं.

मी परत आले आणि दोन दिवस फक्त मोरीपाशी उभी राहिले. मावशी हेच करत होत्या! “ये गो बाय, हात पुढे कर. आता पाणी घालते हां, गार आहे.” घाई नाही, ओढाताण नाही. कुठलं मूल कोणत्या वेळी शू लपवतं, कुणाला पोटात दुखतंय म्हणजे खरं तर घरी भांडण झालंय, हे त्यांना ताईंच्या आधी कळत होतं. त्या महिन्यापासून मावशी आमच्या शनिवारच्या बैठकीत बसतात आणि प्रत्येक मुलाबद्दल आधी त्या बोलतात. त्यांचा पगार ताईंच्या बरोबरीने केला. आमच्या धंद्यात घेतलेला सगळ्यांत शहाणा निर्णय मी हाच मानते.

सगळेच निर्णय असे नव्हते. 2012 साली हायवेजवळ एक मोठी, झगमगीत प्री-स्कूल आली आणि आमची मुलं एकतीसवरून एकोणीसवर आली. एक वडील म्हणाले, “बाई, नुसतं खेळवताय की काही शिकवताय पण?” मी घाबरले आणि दिवाळीनंतर साडेतीन वर्षांच्या मुलांपुढे रेघी वह्या ठेवल्या. मनगटात आठ छोटी हाडं असतात; या वयात ती सगळी तयारही झालेली नसतात, शेवटचं तर आठ-दहा वर्षांच्या सुमारास. मला हे माहीत होतं आणि तरी मी वह्या ठेवल्या. एक मुलगा पेन्सिल इतकी आवळून धरायचा की बोटांची टोकं पांढरी पडायची. वहीच्या वेळी ताईच्या मांडीवर येणं त्याने बंद केलं. फेब्रुवारीत वह्या कपाटात गेल्या. पालकसभा घेऊन मी चूक सांगितली. सहा मुलं पुढच्या वर्षी आली नाहीत.

वह्यांच्या जागी वाल आले. रात्री भिजवून मोड आणलेले कडवे वाल सोलायला दर गुरुवारी दोन आज्या येतात. बिरडं सोलताना चिमूट लागते, नेम लागतो, दाणा मोडू नये इतका हलका दाब लागतो. पेन्सिलीला पुढे जे हवं ते सगळं त्यात आहे. शिवाय आजीच्या गोष्टी असतात, सालं मोजणं असतं, आणि शेवटी वाटीभर बिरडं घेऊन मूल ऐटीत घरी जातं.

मार्च 2020मध्ये दार बंद झालं. एवढ्या लहान मुलांना मोबाईलपुढे बसवायचं नाही, हे आम्ही लगेच ठरवलं. प्रत्येक ताई तिच्या बारा मुलांना आठवड्यातून एकदा फोन करायची. कुणी गाणं म्हणायचं, कुणी नुसतं कोंबडीचं पिल्लू फोनजवळ धरायचं. फी अर्धी केली. पगार अर्धे करायची पाळी आली, तेव्हा मी पाटल्या गहाण ठेवल्या. मावशींनी तीन महिने पगार घेतला नाही. तो मी नंतर दिला, पण तेव्हाचं ऋण तेवढ्याने फिटत नाही.

मग 22 जुलै 2021. रात्रभर पाऊस कोसळत होता आणि पहाटे वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं. पडवीत ते माझ्या डोक्याच्या वर गेलं. लाकडी ठोकळे, बाहुल्या, चौदा वर्षांत मुलांनी काढलेल्या चित्रांच्या फायली, सगळं गेलं. एक बाक वाहून गेलं. चिखल बाहेर काढायला घमेली घेऊन पहिले कोण आले, तर आमच्या सुरुवातीच्या मुलांचे आईवडील, ज्यांची स्वतःची घरं मार्कंडीच्या वर कोरडी होती ते. दुसरं बाक त्यांनीच करून दिलं. दोन्हींच्या लाकडाचा रंग अजून वेगळा दिसतो.

2022च्या सुरुवातीला मुलं परत आली आणि कितीतरी आठवडे एकच खेळ खेळली: पाणी आलं. बाहुल्या कपाटावर चढवायच्या, ठोकळ्यांची होडी करायची, “आजीला आधी घ्या” असं ओरडायचं. ताईंनी खेळ थांबवला नाही, विषय बदलला नाही. बोलावलं तर होडीत बसल्या. जूनच्या पहिल्या सरीला एक मुलगा कानांवर हात ठेवून मावशींच्या पदरात शिरला, आणि त्या तशाच त्याला धरून तासभर बसून राहिल्या. भिंतीवर पाण्याची रेघ होती, ती आम्ही रंगवताना तशीच राहू दिली. मुलं तिच्याखाली उभी राहून आपली उंची मोजतात.

आज आमच्याकडे छत्तीस मुलं, तीन ताया आहेत. 2020च्या शैक्षणिक धोरणाने वयाची तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, खेळ आणि घरची भाषा यांना जागा दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. पालकांशी बोलणं त्यामुळे सोपं झालं. दुसरी शाखा काढा, असं दरवर्षी कुणी ना कुणी सुचवतं. तिथे बाकावरच्या आज्यांना नावाने ओळखणारं माणूस मिळालं, तर विचार करीन.

यंदा मे महिन्यात मावशी थांबणार आहेत. गुडघे साथ देत नाहीत. म्हणून दिवाळीपासूनच त्यांच्या जागी येणाऱ्या मावशी रोज त्यांच्याबरोबर मोरीपाशी उभ्या राहतात. पहिले दोन महिने त्यांनी फक्त टॉवेल धरला. कुठल्याही मुलाला “आता यांच्याकडे जा” असं सांगितलं नाही. मागच्या सोमवारी छोट्या गटातली एक मुलगी मातीचे हात घेऊन आली, दोघींकडे बघितलं आणि नव्या मावशींपुढे हात धरले. जुन्या मावशींनी नळ सोडला आणि म्हणाल्या, “सांग त्यांना, गार पाणी आवडत नाही ते.”